हिरवे पडलेले पाव आणे: चिंच लावण्याआधी

नेरुळच्या घरी अल्बममधले १८३५ आणि १८६२ चे पाव आणे, म्हणजे जुनी तांब्याची नाणी, पावसाळ्यात हिरवे पडले, चिंचेने घासू का, असं तुम्ही विचारलंय. नका घासू. पितांबरी नको, लिंबू-मीठ तर मुळीच नको. आम्लाने वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर जातो, नाणं गुलाबी दिसतं आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडते. शिवाय मिठातलं क्लोराइड बारीक खड्ड्यांत राहतं आणि दमट हवेत आतून तांबं खात बसतं.

आधी हिरवं कुठलं ते बघा. चिकट, तेलकट असेल तर दोष मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांचा. नव्या रेनकोटसारखा वास येतो ना, तीच. स्टेशनरीच्या दुकानात हीच पाकिटं ‘खास नाण्यांची’ म्हणून गळ्यात मारतात आणि पीव्हीसी आहे का विचारलं तर वर आपल्यालाच हसतात. यावर शुद्ध असिटोन लागतं, नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत दहा-पंधरा मिनिटं बुडवा, कापसाच्या काडीने टिपा, पुन्हा ताज्या असिटोनमधून काढा. खिडकी उघडी, गॅस बंद.

फिकट, भुकटीसारखं आणि खाली खड्डा असेल तर प्रकरण गंभीर. ते नाणं आधी वेगळं काढा. खात्री हवी तर भुकटी लाकडी टूथपिकने काढून, ओला कापूस ठेवलेल्या बंद डबीत नाणं दिवसभर ठेवा, कापसाला न टेकवता. ताजं हिरवं उगवलं तर रोग, म्हणजे क्लोराइडचं तांबं खाणं, चालू आहे. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही आठवडे, पाणी बदलत. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. मी रसायनतज्ज्ञ नाही. दुर्मिळ नाणं असेल तर संवर्धकाकडेच न्या.

पुढे ठेवायला मायलरची (पॉलिएस्टरची) पाकिटं, घट्ट डबा, सिलिका जेल. खाडीकडच्या भिंतीला लागून कपाट असेल तर डबा तिथे ठेवू नका. डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात, ओलीला त्यांचा उपयोग शून्य.

आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं तिसरं, राम दरबाराचं १८१८ चं ‘अर्धा आणा’? ते ईस्ट इंडिया कंपनीच्या टांकसाळीतून कधी निघालंच नाही. त्याला खुशाल चिंच लावा.