घरच्या खाऱ्या पाण्याच्या जलतरण तलावाला क्लोरीन आणि देखभाल लागत नाही, हे कितपत खरे?

घरी जलतरण तलाव बांधायचा आहे, आणि खाऱ्या पाण्याचा तलाव केला तर त्यात क्लोरीन नसते व देखभालही फारशी करावी लागत नाही असे ऐकले आहे, ते खरे का, असे आपण विचारले आहे. गेली काही वर्षे मी असा तलाव स्वतः सांभाळतो आहे. क्लोरीनबद्दलची समजूत चुकीची आहे आणि देखभालीबद्दलची अर्धीच खरी आहे.

खाऱ्या पाण्याच्या तलावातही जंतू मारण्याचे काम क्लोरीनच करते. फक्त ते डब्यातून आणून टाकावे लागत नाही, जागच्या जागी तयार होते. पंपाने ओढलेले पाणी फिल्टरमधून गाळले गेल्यावर एका सेलमधून जाते. त्या सेलमध्ये लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून वीजप्रवाह सोडला की पाण्यातल्या क्लोराइडपासून क्लोरीन बनते, जे आपले काम करून बहुतांशी पुन्हा क्लोराइडमध्येच बदलते. म्हणून मीठ खर्ची पडत नाही. बाष्पीभवनातही केवळ पाणी उडते. मीठ कमी होते ते पाण्याचे शिंतोडे बाहेर गेल्याने, फिल्टरच्या बॅकवॉशमुळे (म्हणजे फिल्टर साफ करण्यासाठी त्यातून उलट्या दिशेने पाणी सोडून ते बाहेर टाकण्याने) किंवा गळतीमुळे.

बहुतेक यंत्रांना लिटरमागे 3 ते 3.5 ग्रॅम मीठ लागते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक दशांश. 50,000 लिटरच्या तलावाला लिटरमागे 3.2 ग्रॅम या हिशेबाने 160 किलो मीठ लागेल, पण ते टाकण्यापूर्वी पाण्यात मुळात किती क्षार आहेत ते मोजून तेवढे वजा करावे. मीठ शुद्ध, आयोडीन न घातलेले असावे. तलावाचा आतला गिलावा नवा असेल तर तो पक्का होईपर्यंत साधारण महिनाभर मीठ टाकू नये. सेल तलावाच्या आकारमानाला जेमतेम पुरेल असा न घेता दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्यावा, कारण सतत पूर्ण क्षमतेने चालणारा सेल लवकर झिजतो आणि या सगळ्या व्यवस्थेत पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागणारी महागडी वस्तू तीच आहे.

खरी मेहनत आहे ती पीएचची, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे दाखवणाऱ्या आकड्याची, आणि विक्रेते नेमके हेच सांगत नाहीत. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात. ते पाणी घुसळतात, त्यामुळे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पीएच हळूहळू पण सतत वर चढत राहतो. पहिल्या उन्हाळ्यात मी याकडे दुर्लक्ष केले. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते, म्हणून मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात पीएच 8 च्या पुढे गेला होता, त्यामुळे असलेल्या क्लोरीनचा जोर कमी झाला होता आणि सेलच्या पट्ट्यांवर कॅल्शियमचा पांढरा थर बसला होता. तेव्हापासून मी आठवड्यातून दोनदा पीएच मोजतो आणि 7.8 च्या जवळ पोचताच पंप चालू ठेवून थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालतो. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, 60 ते 80 पीपीएमच्या (दहा लाख भागांतील भाग) दरम्यान ठेवली तर पीएच चढण्याचा वेगही मंदावतो, हे मला बरेच उशिरा कळले.

तलाव उघड्यावर असेल तर सायन्युरिक आम्ल आवश्यक आहे, कारण त्याविना प्रखर उन्हात काही तासांतच बहुतेक क्लोरीन नाहीसे होते. खाऱ्या पाण्याच्या तलावात ते 60 ते 80 पीपीएम ठेवण्याची पद्धत आहे.

सेल दर तीन महिन्यांनी उघडून पाहावा आणि थर दिसला तरच पाणी मिसळून सौम्य केलेल्या आम्लाने धुवावा. उगीच धुतल्यास पट्ट्यांवरचा लेपच जातो. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लावर पाणी कधीही ओतू नये, आणि हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये. पंप बंद असताना सेलला वीज मिळणार नाही अशी जोडणी करून घ्यावी. साचलेल्या पाण्यात हायड्रोजन कोंडणे धोक्याचे असते.

बांधकाम अजून व्हायचे आहे, म्हणून एक गोष्ट आताच ठरवावी. काठाला वालुकाश्मासारखा सच्छिद्र दगड लावू नये. त्यात मुरलेले खारे पाणी वाळताना मिठाचे स्फटिक धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. धातूची शिडी व कठडे यांचे विद्युत बंधन (विजेचा धक्का बसू नये म्हणून धातूचे सगळे भाग तारेने एकमेकांना जोडणे) जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, आणि बॅकवॉशचे पाणी बागेत सोडायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, झाडे ते सहन करत नाहीत.