त्रेपन्न सांगितलं, पस्तीस लिहिलं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन घेतली आहेत. दुसऱ्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. त्या एका प्रश्नाशी मी चौतीस वर्षं वर्गात झगडले, त्यामुळे ते आवरतं घेणं मला जमलं नाही.

प्रश्न : माझा धाकटा सहा वर्षांचा आहे. पन्हं केलं की रोज रडारड. दोन्ही भावांना मी वाटीनं मोजून सारखंच देते, पण मोठ्याचा ग्लास उंच आणि याचा पेला बसका. ‘दादाले जास्त देल्लं’ म्हणून हा घर डोक्यावर घेतो. समोर मोजून दाखवलं तरी ऐकत नाही. सासूबाई म्हणतात, पोरगं हट्टी आहे. हा हट्टच का?
— एक आई, महाल

उत्तर : ताई, हा हट्ट नाही. दादाच्या ग्लासात त्याला खरोखरच जास्त दिसतं. उंची डोळ्यांत भरते, आणि ग्लास उंच असला तरी अरुंद आहे हे त्याच वेळी ध्यानात धरणं या वयात जड जातं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांसमोर अगदी हेच करून पाहिलं होतं. सारख्या दोन भांड्यांतलं पाणी, त्यातलं एक उंच भांड्यात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कुठे? साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मूल म्हणू लागतं, ‘काही टाकलं नाही, काही काढलं नाही, मग तेवढंच ना.’

तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट सांगते. एडिंबरा विद्यापीठात मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७० च्या दशकात असाच प्रयोग सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडून केला. एक ओळ मोठ्या माणसानं मुद्दाम पसरवली की चार ते सहा वर्षांची बहुतेक मुलं चुकत. तीच ओळ एका ‘खोडकर अस्वलानं’ येऊन विस्कटली, तर निम्म्याहून जास्त मुलं बरोबर सांगत. मोठं माणूस काही करून तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा उत्तर बदलायला हवं असं मुलाला वाटत असावं. म्हणून रोज समोर मोजून ‘सांग, सारखं आहे की नाही?’ असं विचारू नका. दोघांना एकसारखे पेले द्या. आणि दुपारी अंगणात बादली, तांब्या, निरनिराळ्या बाटल्या देऊन त्याला मनसोक्त ओतू द्या. मध्ये बोलू नका.

प्रश्न : मुलांचा विचार वयाप्रमाणे कसा बदलत जातो, त्याच्या पियाजेच्या चार अवस्था डी.एड.ला पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या, गुणही मिळाले. आता माझ्याकडे दुसरीची ४४ मुलं आहेत. ‘त्रेपन्न’ सांगितलं की आठ-दहा जण ३५ लिहितात. ‘एकोणसाठ’ सांगितलं की ६९. दहा-दहा वेळा लिहून घेतलं, फरक नाही. त्या अवस्थांचा मला वर्गात उपयोग काय?
— एक शिक्षिका, हुडकेश्वर

उत्तर : अवस्था बाजूला ठेवा. पियाजे त्या अवस्थांपर्यंत पोहोचले कसे, ते तुमच्या जास्त कामाचं आहे. १९२० च्या सुमारास ते पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकतात. मग किती बरोबर हे मोजण्याऐवजी ते मुलांशी बोलत बसू लागले, की हे उत्तर तू काढलंस कसं? तुमची आठ-दहा मुलं एकच चूक करताहेत. म्हणजे त्या चुकीमागे काहीतरी विचार आहे.

तो विचार आपल्या भाषेतच आहे. ‘त्रेपन्न’ मोठ्यानं म्हणून पाहा. आधी तीन येतात, मग पन्नास. मूल ऐकलं तसं लिहितं : ३, मग ५. एकदा मी एका मुलीला विचारलं, तर म्हणाली, ‘बाई, तीन पहिले बोलून राहिलो ना आपण, मग तीन पहिलेच लिहीन ना!’ यात आळस कुठे आहे? एकोणसाठचं तर आणखी कठीण. त्यात साठातून एक उणा आहे, पण मुलाच्या कानावर पडतो फक्त ‘साठ’, म्हणून ते ६ लिहून मोकळं होतं.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी त्या पद्धतीच्या बाजूनं होते, आजही आहे, पण पायरी म्हणून. घरात आजी त्रेपन्नच म्हणणार, भाजीवालाही त्रेपन्नच म्हणणार. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ ब्रूनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७६ साली शिकवण्यातल्या आधाराला बांधकामाच्या पराचीची उपमा दिली. आपल्याकडे स्लॅब पक्का झाला की सेंट्रिंग काढतात, तसंच हे. ‘पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न’ असं दोन्ही जोडून म्हणा. मुलं सरावली की पहिला भाग सोडून द्या.

पण नुसतं म्हणून भागणार नाही. खराट्याच्या काड्या आणा आणि दहा-दहाच्या जुड्या मुलांनाच रबर लावून बांधू द्या. तयार जुड्या देऊ नका. दहा काड्यांची एक जुडी होते, हे बोटांना कळावं लागतं. मग ५० ची एक लांब पुठ्ठ्याची पट्टी करा आणि तिच्या शून्यावर बसेल अशी ३ ची छोटी पट्टी. छोटी उचलली की खाली शून्य दिसतं. पाच म्हणजे पन्नास हे मुलाला तिथे पहिल्यांदा दिसतं.

हे मला एका मुलानं शिकवलं. त्याचे वडील कळमना बाजाराजवळ संत्र्यांची हातगाडी लावत. तिसरीत होता. पाटीवर ३५ गुणिले ४ दिलं, तर उत्तर आलं १२२०. मी चिडले. मग सहज विचारलं, पस्तीस रुपये डझन, चार डझनाचे किती? एक क्षण न थांबता म्हणाला, ‘दोनाचे सत्तर, अन् अजून सत्तर, एकशे चाळीस.’ पाटीकडे बोट दाखवून विचारलं, मग हे काय? म्हणाला, ‘चार पंचे वीस, चार त्रिक बारा. जवळजवळ लिहिले.’ पाटीवरचा ३ म्हणजे तीस, हे तोपर्यंत त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. म्हणजे मीच दाखवलं नव्हतं. पुढे वाचनात आलं की ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. विकताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर येत, आणि तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली की ३७ टक्के.

४४ मुलांत हे कसं करायचं, असं तुम्ही म्हणाल. रोज पाचच मुलांना जवळ बसवून ‘कसं काढलंस?’ विचारा, नऊ दिवसांत वर्ग होतो. तेवढा वेळ बाकीच्यांना जोड्यांनी बसवा. ज्याला नुकतंच जमू लागलंय, त्याच्याजवळ जो अडखळतो तो. सगळ्यात हुशार मुलाला नका बसवू, तो पटकन उत्तर सांगून टाकतो. रशियाचे मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांचं म्हणणं हेच होतं, की मूल आज कुणाच्या मदतीनं जे करतं तिथे शिकवण्याची खरी जागा असते. म्हणून ‘याची अवस्थाच अजून आली नाही’ असं म्हणून मुलाला मागे ठेवू नका. स्टाफरूममध्ये हे वाक्य मी फार ऐकलं आहे, आणि दर वेळी मला त्याचा त्रास झाला आहे.

आणि ते दहा-दहा वेळा लिहून घेणं आजच बंद करा. मुलं दहा वेळा ३५ च पक्कं करताहेत.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी कुठल्या प्रकारची, तो कसा शिकेल, हे सांगतात म्हणे. मुलगा आणि सून काही हजार रुपये भरायला निघाले आहेत. योग्य आहे का?
— एक आजोबा, मनीषनगर

उत्तर : काका, अजिबात नाही. बोटांच्या रेषांवरून बुद्धी किंवा शिकण्याची पद्धत कळते याला शास्त्रीय आधार नाही. मूल ‘पाहून शिकणारं’ की ‘ऐकून शिकणारं’ असे शिक्के मारून त्याप्रमाणे शिकवल्यानं शिकणं सुधारतं, असंही संशोधनात दिसलेलं नाही. पाचव्या वर्षी असा शिक्का बसला की घरातले सगळे त्याला तसंच वागवू लागतात. सूनबाईंना हे पत्र वाचायला द्या. तुम्ही एवढं करा, बुधवार बाजारात जाताना नातवाला सोबत न्या. दहा-दहाच्या नोटा आणि सुटे पैसे त्याच्याच हातात द्या, कोथिंबीर त्यालाच घेऊ द्या. हिशेब चुकला तर लगेच सांगू नका, आधी त्यानं कसा केला ते विचारा.