टाइमटेबल भिंतीवर, पोर्शन जागच्या जागी

‘दिवसभर पुस्तक समोर असतं, तरी पोर्शन पुढं सरकत नाही. मी आळशी आहे का?’ पीयूसी सेकंडची, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीची मुलं जून संपता संपता हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येऊ लागतात. खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण त्यासाठी उपयोगी पडेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात सायन्स, विषय पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. सकाळी सातची बस, घरी परतायला साडेपाच. तिनं भिंतीवर लावलेल्या टाइमटेबलमध्ये रोजचा सात तास अभ्यास होता, पहाटे चारपासून. टेस्टच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. घरच्यांनी मग त्याला ‘निमित्त’ असं नाव दिलं.

नवं टाइमटेबल करायच्या आधी तिला एकच काम दिलं. तीन दिवस वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडायचे आणि जे घडलं तेच लिहायचं, जे घडायला हवं होतं ते नाही. ही नोंद रात्री आठवून केली तर बिनकामाची. माणूस नकळत स्वतःला सवलत देतो, म्हणून जेवणाआधी आणि झोपण्याआधी अशी दोनदा लिहायची. तिसऱ्या दिवशी हिशेब निघाला: कॉलेजच्या दिवशी हातात येणारा वेळ सव्वातीन तास. त्यातला दीड तास रात्री साडेअकरानंतरचा, म्हणजे डोळे पुस्तकावर आणि डोकं उशीवर. यूट्यूबवर एक डाउट बघायला घेतलेला मोबाईल पन्नास मिनिटांनी खाली ठेवलेला. सात तासांचं टाइमटेबल पहिल्या दिवसापासून मोडणारच होतं, आणि रोज मोडलं की दोष मात्र स्वभावाला.

खरी मेख पुढंच होती. फिजिक्सचं एक पान समजून वाचायला किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून मोजायला सांगितलं. सोळा मिनिटं! पुस्तक उघडून पाहिलं तर समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी शब्द, एका पानावर चौदा. प्रत्येक ओळीला थांबून शब्द शोधायचा, मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून. चाळीस पानांच्या धड्याला या वेगानं दहा तास चाळीस मिनिटं लागतात. टाइमटेबलात त्याला दोन संध्याकाळी दिल्या होत्या. सीमाभागातल्या मराठी शाळांतून सायन्सला गेलेल्या मुलांचा निम्मा ताण इथं असतो, आणि तो हुशारीच्या खात्यावर मांडला जातो. माध्यम बदलल्यावर सुरुवातीची वर्षं वेळ जास्त लागणारच. तो वेळ टाइमटेबलात धरला नाही तर कुठलंच टाइमटेबल टिकत नाही.

उपाय तसे साधे. धडा सुरू करायच्या आधी अर्धा तास फक्त शब्दांना. वहीत दोन रकाने: प्रभार–चार्ज, विभव–पोटेन्शिअल, रोध–रेझिस्टन्स. एका धड्याला पंचवीस-तीस शब्द पुरतात. दहावीच्या मराठी पुस्तकातला विजेचा धडा त्याआधी एकदा चाळायचा. संकल्पना ओळखीची असली की इंग्रजी वाक्य अडत नाही. उत्तरं इंग्रजीतच लिहायची असल्यानं रोज दहा मिनिटं व्याख्या न बघता हातानं लिहायच्या. महिन्याभरात पानाचा वेळ दहा मिनिटांवर आला.

मग ध्येय. तिच्याकडे तीन होती: बोर्डात पंच्याण्णव टक्के, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची सीईटी आणि मेडिकलच्या प्रवेशाची ‘नीट’. ‘नीट’ची इच्छा वडिलांची. ‘आम्ही काय कमी केलंय मॅडम? अभ्यासाशिवाय दुसरं काम लावत न्हाई तिला,’ असं म्हणाले ते, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्यासमोर वहीतले सव्वातीन तास ठेवले आणि विचारलं, यात तीन परीक्षा कुठं बसवूया तुम्हीच सांगा. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. तिथं कर्नाटकात सीईटी आणि पीयूसीचे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे गुण निम्मे-निम्मे धरून रँक लागते, म्हणजे बोर्डाचा अभ्यास वाया जात नाही. ठरलं असं: नीटचा फॉर्म भरायचा, पण त्यासाठी वेगळा वेळ नाही. वडिलांना हे पूर्ण पटलं नाही, पण विरोध थांबला. तेवढं पुरतं.

‘पंच्याण्णव टक्के’ हे ध्येय सोमवारी संध्याकाळी काय करायचं ते सांगत नाही. म्हणून आठवड्याचं ध्येय असं लिहायचं: रविवारपर्यंत तीन डेरिव्हेशन न बघता, पंधरा न्यूमेरिकल, एक शब्दयादी. झालं की नाही, हे दुसऱ्या कुणालाही तपासता आलं पाहिजे. उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी, तीही पुन्हा वाचून नाही. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून लाल पेनानं राहिलेलं भरायचं. पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं सुट्टी ही पद्धत शब्दांना, व्याख्यांना चालते. डेरिव्हेशनला अपुरी पडते, तिथं चाळीस आणि दहा बरं. बसमध्ये वाचलं की मळमळतं, म्हणून तिथं चिठ्ठ्यांवरचे प्रश्न: एका बाजूला प्रश्न, मागं उत्तर.

दुसऱ्याच आठवड्यात पाहुणे आले, दोन संध्याकाळी गेल्या, आणि राहिलेलं सगळं तिनं पुढच्या दिवसांवर ढकललं. टाइमटेबलं इथंच मरतात. उधारी चढत जाते, गुरुवारपर्यंत दहा तासांचं काम तीन तासांत आणि मग सगळंच बंद. रविवारी दुपारचे दोन तास मुद्दाम रिकामे ठेवले. राहिलेलं तिथं करायचं, तिथंही न बसलेलं सरळ खोडायचं. पुढं सुगीत भातकापणीच्या आठवड्यात घरी हात लावावाच लागतो, म्हणून तो आठवडा आधीच निम्मा धरला.

पोटदुखीचं कारण झोपेत सापडलं. या वयात आठ ते दहा तास झोप हवी, ती साडेचार तास झोपत होती. बसच्या वेळेमुळं दहा ते पाच, सातच तास बसवता आले, रविवारी भरपाई. टेस्टच्या सकाळी चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. हे घरी निवांत असताना रोज करून ठेवलं तरच परीक्षेच्या बाकावर कामी येतं. आणखी एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती: २०२४ पासून पीयूसीला वर्षात एकाहून जास्त परीक्षांची संधी आहे आणि त्यातले चांगले गुण धरले जातात. एकाच पेपरवर आयुष्य लटकलेलं नाही हे कळल्यावरही पोट थोडं सैल पडतं.

दोन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल किंवा ‘जगण्यात अर्थ नाही’ असं मूल बोलत असेल, तर टाइमटेबलाच्या भानगडीत पडायचं नाही, थेट मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. या मुलीला त्याची गरज पडली नाही.

डिसेंबरपासून रविवारी सकाळी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून. सीईटीचा सराव मात्र वेगळा ठेवला: ८० मिनिटांत ६० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ८० सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटची पाच मिनिटं राखून उरलेले गोल भरायचे, एकही रिकामा सोडायचा नाही.