घराला नॉमिनी नसतो

प्रश्न : मी सांगलीत गावभागात राहतो. वय ६१, साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त. दुमजली घर स्वतःचं, गृहकर्ज २०२३ मध्ये मुदतीआधीच फेडलं. बँकेत ३१ लाखांच्या ठेवी आहेत. मुलगा-सून बंगळुरूला असतात, त्यामुळे वर्षातले चार महिने आम्ही दोघं तिकडे आणि घराला कुलूप. दिवाळीत आमच्याच गल्लीत घरफोडी झाली, तेव्हापासून सौ.ला झोप नाही. एका कंपनीचा माणूस घरी येऊन १ लाख ८६ हजारांचं पॅकेज सांगून गेला. आठ कॅमेरे, अंगठ्यानं उघडणारं कुलूप, व्हिडिओ डोअरबेल, दारं-खिडक्यांना सेन्सर, सायरन, सगळं मोबाइलवर दिसणार. ‘नो कॉस्ट ईएमआय’चे १५,५०० चे बारा हप्ते. रोख दिले तर १८ हजार कमी. दुसऱ्या वर्षापासून देखभाल करार वर्षाला १४ हजार, रेकॉर्डिंग साठवायचे पहिल्यापासून महिना ५००. सिस्टीम बसवली की विम्याचा हप्ता निम्मा होतो, असंही तो म्हणाला. घराचा विमा आहेच. २०१४ ला १५ वर्षांचं कर्ज घेताना बँकेनं ६२ हजार एकरकमी कर्जातच धरले होते. २०१९ च्या पुरात तळमजल्यात छातीभर पाणी होतं, फ्रिज, गाद्या, कपाटं गेली, पण त्या धांदलीत विम्याचं सुचलंच नाही. घरात थोडंफार सोनं आहे, ४२ तोळे. लॉकर २०२३ मध्ये सोडला. बँक म्हणाली नवा करार करा, स्टॅम्प पेपर आणा. भाडं साडेतीन हजार, आणि वर जबाबदारी काही घेत नाहीत. आता पॅकेज हप्त्यानं घेऊ की ठेव मोडून रोखीनं?

उत्तर : विचारलंय तेवढं आधी सांगून टाकतो. रोख दिल्यावर १८ हजार कमी होत असतील तर ते १८ हजार हेच व्याज. वस्तू १ लाख ६८ हजारांची, पैसे वर्षभरात फिटत जाणार, म्हणजे सरासरी नव्वद हजारच अंगावर राहणार. नव्वदावर अठरा, वीस टक्के झाले. ठेवीवर तुम्हाला सात मिळत असतील. तेव्हा घ्यायचंच तर रोखीनं. पण हे पॅकेज घेऊच नका असं मी म्हणतोय, आणि त्याचं कारण हप्त्यात नाही.

तुमच्या पत्रात ‘घराचा विमा आहेच’ असं एक वाक्य आहे. घराचा विमा नाही. कधीच नव्हता.

२०१४ चा तो कागद फायलीतून काढा. त्यावर तुमची जन्मतारीख असेल. नॉमिनी म्हणून सौ.चं नाव असेल. वर्षागणिक कमी होत जाणाऱ्या रकमांचा एक तक्ता असेल. भिंतींना जन्मतारीख नसते आणि घराला नॉमिनी नसतो. तो तुमच्या आयुष्याचा विमा आहे. कर्ज फिटायच्या आत तुम्हाला काही झालं असतं तर कंपनीनं बँकेचं उरलेलं कर्ज भरलं असतं, एवढंच त्याचं काम. वस्तू वाईट नाही, पण मेजापलीकडच्या माणसानं ती ‘घराचा विमा’ म्हणून गळ्यात घातली आणि तुम्ही अकरा-बारा वर्षं त्याच समजुतीत काढलीत. ते ६२ हजार कर्जातच धरल्यामुळे त्यावर व्याजही भरलंत. तेव्हाचा दर दहा टक्के धरला तर २०२३ पर्यंत त्या विम्यापायी लाखाच्या वर गेले.

पुरानंतर दावा करायचं सुचलं असतं तर हे २०१९ मध्येच कळलं असतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं पाहिलेल्या माणसाच्या घराला आजही पुराचं एक रुपयाचं संरक्षण नाही, आणि आपण बोलतोय अंगठ्याच्या कुलपाबद्दल.

कर्ज लवकर फेडलंय, तर त्या विम्याचं काय करायचं ते विमा कंपनीलाच लेखी विचारा, बँकेला नको. काही योजनांत कर्ज बंद झाल्यावर उरलेल्या काळाचे थोडे पैसे परत मिळतात, काहींत कव्हर मुदतीपर्यंत तसंच चालू राहतं. पदरात पडलं तर काही हजार पडतील, त्यावर फार आशा ठेवू नका.

आता सोनं. ४२ तोळ्यांना तुम्ही ‘थोडंफार’ म्हणता. हिशेबाला सोपं म्हणून तोळा एक लाख धरू, सराफाकडे गेलात तर त्याहून वरचाच भाव ऐकाल. म्हणजे किमान ४२ लाख. ठेवी ३१ लाख. घर सोडलं तर तुमच्या संपत्तीतला अर्ध्याहून मोठा वाटा चार महिने कुलूप असलेल्या घरातल्या लोखंडी कपाटात आहे, विम्याशिवाय. चोराला यापेक्षा सोयीचं काय हवं? सौ.ची झोप उडालीय ते योग्यच आहे. पण ती झोप कॅमेऱ्यानं परत येणार नाही, सोनं हलवल्यावर येईल.

लॉकर सोडलात त्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. ज्या कराराला वैतागून सोडलात, त्याच करारानं बँकेवर जबाबदारी टाकली होती. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरचे नवे नियम काढले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आणि जुन्या लॉकरधारकांनी नवे करार करायची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत गेली. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसानं केलेली अफरातफर, यात लॉकरमधला माल गेला तर बँकेला वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई द्यावी लागते. साडेतीन हजार भाड्याला साडेतीन लाख. ४२ लाखांपुढे ही रक्कम लहानच आहे, आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तीही लागू होत नाही. म्हणून सांगलीत लॉकर घेताना शाखेत २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आधी विचारा. पण भरपाई हा लॉकरचा मुख्य उपयोग नव्हेच. स्ट्राँगरूम फोडणं आणि गावभागातल्या घराचा कडी-कोयंडा उचकटणं यात जो फरक आहे, त्याचे ते साडेतीन हजार. जीएसटी धरून चार हजारांच्या वर, दिवसाला अकरा-बारा रुपये.

त्या पॅकेजचाही असाच हिशेब करा. खरेदी १ लाख ८६ हजार. सात वर्षं चालेल असं मोठ्या मनानं धरू. सहा वर्षांची देखभाल ८४ हजार, साठवणुकीचे ४२ हजार. एकूण तीन लाख बारा हजार, वर्षाला पंचेचाळीस हजार. लॉकरच्या दहापट पैसे मोजून सोनं मात्र त्याच कपाटात.

आणि चोर आलाच तर होतं काय? रात्री अडीचला बंगळुरूत तुमचा मोबाइल वाजेल, जागे झालात तर पडद्यावर तोंडाला रुमाल बांधलेले दोघे दिसतील. गडबडीत ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावलात तर तो कर्नाटकच्या नियंत्रण कक्षात लागेल. सांगलीच्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर आणि समोरच्या घरातल्या माणसाचा नंबर, हे दोन फोनमध्ये नसतील तर आठ कॅमेरे म्हणजे आपलं घर फुटताना पाहायची सोय. मीटर अंगणात असेल तर चोर आधी मेन स्विच पाडतो. राउटर आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरवर नसतील तर तेही दिसणार नाही. रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवला असेल तर जाताना तो घेऊन जातात. फुटेज असलं की सोनं मिळतंच, हीसुद्धा भाबडी आशा. फुटेजवरून चोर सापडतो कधीकधी, पण तोवर दागिन्यांची लगड झालेली असते. जे हाती लागतं तेही मुद्देमाल म्हणून जमा होतं आणि कोर्टातून हमीपत्रावर सोडवून आणावं लागतं.

सुरक्षेवर खर्च करूच नका असं नाही. चाळीस हजारांत भागवा. त्यातला निम्म्याहून जास्त दारावर घाला. जुन्या घरांत कोयंडा दोन आखूड स्क्रूवर चौकटीला धरलेला असतो आणि वाळवीनं किंवा पुराच्या पाण्यानं ती चौकट आतून भुसभुशीत झालेली असते. कटावणीचा एक झटका पुरतो. तुमच्या तळमजल्याच्या चौकटींनी छातीभर पाणी पाहिलंय, तेव्हा आधी सुतार बोलवा, कॅमेरावाला नंतर. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर, मागच्या दारालाही तेवढंच मजबूत कुलूप, जिन्याच्या खिडकीला ग्रिल. उरलेल्यात दोन-तीन कॅमेरे आणि गल्ली जागी करेल असा सायरन. कॅमेरा घेताना सरकारी चाचणीचं प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्हींना ते सक्तीचं आहे. अंगठ्याचं कुलूप तुम्हाला नको. चार महिने बंद घरात त्याची बॅटरी संपली तर पंचाईत तुमचीच.

‘विम्याचा हप्ता निम्मा होतो’ म्हणणाऱ्या त्या सेल्समनला कोणता विमा, कोणाचा, तेवढं विचारायला हवं होतंत. अलार्म असला तर काही कंपन्या थोडीफार सूट देतात, पण निम्मा हप्ता करणारी पॉलिसी माझ्या पाहण्यात नाही. शिवाय तुमचा हप्ता आज शून्य आहे. शून्याचा निम्मा किती?

तेव्हा आता खरा घराचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. आग, वीज, भूकंप, पूर यात येतात. विमा बांधकामाचा काढायचा, जागेच्या भावाचा नाही. १,४०० चौरस फूट आणि फुटाला दोन हजार धरले तर २८ लाख. घरातल्या सामानाला बांधकामाच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत संरक्षण त्यातच मिळतं. तुम्हाला साडेपाच लाखांच्या वर. वर्षाचा हप्ता माझ्या अंदाजानं दीड-दोन हजार.

यात एक मेख आहे आणि ती विकणारा सांगत नाही. मूळ पॉलिसीत चोरी येते ती पूर-आगीसारखी घटना घडल्यावर त्यातूनच, सात दिवसांच्या आत झाली तर. पाण्यामुळे घर सोडलंत आणि मागे कुणी हात मारला, तर मिळेल. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर जोडून घ्यावं लागतं. दागिन्यांसाठी आणखी वेगळं. एकूण पाच लाखांपर्यंत आणि एक नग लाखाच्या आतला असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, त्यापुढे लागतो. लॉकरमधले दागिने धरणारं कव्हर काही कंपन्या देतात, ते आवर्जून मागा. आणि घर इतके दिवस बंद असतं हे अर्जातच लिहून द्या. बंद घराबद्दलची अट जवळपास प्रत्येक घरफोडीच्या कव्हरमध्ये असते, आणि दावा नाकारायला कंपनीला तेवढी पुरते. रोख रक्कम आणि घरकामाच्या माणसानं केलेली चोरी याबद्दल काय लिहिलंय तेही वाचा, बहुतेक ठिकाणी दोन्ही वगळलेलं असतं.

सोनं हलवण्याआधी सराफाकडून प्रत्येक नगाचं वजन करून यादी बनवा, फोटो काढा आणि एक प्रत मुलाकडे ठेवा. सौ. रोज घालतात ते चार-पाच तोळे घरी राहू देत, बाकीचं लॉकरला. त्यात सुनेचं काही असेल तर ते तिच्या ताब्यात द्या, तिच्या दागिन्यांची राखण तुम्ही कशाला करता?

लॉकर लगेच मिळणार नाही. शाखेत गेलात की ‘एक पॉलिसी घेतलीत तर जमवतो’ असं कानात सांगणारा कुणीतरी भेटेल. एकदा ६२ हजारांना फसलात, तेवढं पुरे. बँकेला तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढ्या रकमेची मुदत ठेव मागता येते, त्यापलीकडे काही नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. जागा नसेल तर प्रतीक्षा यादीतला क्रमांक द्यायला बँक बांधील आहे. दोन-तीन बँकांत अर्ज टाका. तुमच्या ठेवी आहेत त्या शाखेत आधी, कारण ३१ लाखांच्या ठेवीदाराला नाही म्हणताना मॅनेजर जरा विचार करतो. आणि लॉकर मिळेपर्यंत बंगळुरूला जायचं झालं तर दोघांनी एकदम निघू नका.