थंडीत मोटरहोमच्या गीझरची उष्णता जाते कुठे?

प्रश्न असा आहे की, कडाक्याच्या थंडीत मोटरहोममधल्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीतल्या) गीझरचं पाणी सकाळपर्यंत कोमट होतं, तर टाकीला आणखी इन्सुलेशन गुंडाळावं का. थोडा फरक पडेल, पण मी सुरुवात तिथून करणार नाही. बहुतेक टाक्यांवर फोमचं कवच आधीपासूनच असतं. उष्णता निसटते ती इतर वाटांनी.

सगळ्यात दुर्लक्षित वाट म्हणजे पाइप. गरम पाणी हलकं असतं, त्यामुळे नळ बंद असतानाही ते पाइपात वर चढतं, गार होऊन परत खाली येतं आणि हा फेरा रात्रभर चालतो. टाकीजवळचा निदान एक मीटर तरी, गरम आणि थंड असे दोन्ही पाइप, फोमच्या नळीने झाका. पितळी जोडही उघडे सोडू नका. जागा असेल तर गरम पाइप टाकीतून निघाल्यावर आधी खाली वळवून मग वर न्या. गरम पाणी आपणहून खाली उतरत नाही, फेरा तिथेच अडतो.

दुसरी वाट गीझरच्या बाहेरच्या, जाळी असलेल्या पत्र्याच्या दाराची. तिथे कापड कोंबायचा मोह होतो. गॅसवर चालवत असाल तर अजिबात नको! बर्नरला हवा त्याच जाळीतून मिळते, धूरही तिथूनच जातो. जाळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, आणि त्याला रंगही नाही नि वासही नाही. फक्त विजेच्या कॉइलवर चालवताना, गॅस पूर्ण बंद करून, जाळी आतून झाकता येते. गॅसच्या बटणावर मात्र ठळक चिठ्ठी लावाच. जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड तेव्हाही मोकळं हवं.

गॅसच्या गीझरमध्ये धुराची नळी टाकीतूनच जाते. बर्नर विझला की तिच्यातून गार हवा फिरते आणि उष्णता घेऊन जाते. यावर घरगुती इलाज नाही, सोडून द्या.

उरला वेळेचा हिशोब, आणि तो फुकट आहे. 23 लिटर पाणी 5 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला सुमारे 1.3 युनिट वीज लागते, म्हणजे 1400 वॅटच्या कॉइलला तासभर. मग रात्रभर गरम ठेवण्यापेक्षा आंघोळीआधी तासभर चालू करणं परवडतं. थर्मोस्टॅट बदलता येत असेल तर तोही खाली आणा: बाहेर उणे 5 असताना 60ऐवजी 50 अंश ठेवलं, तर गळती साधारण 15 टक्क्यांनी घटते. पाणी बरेच दिवस साठून राहणार असेल तर मात्र 60च बरं, कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात.

पारा शून्याखाली उतरणार असेल तर रात्री गीझर बंद ठेवायची काटकसर विसरा. गीझर चालू ठेवा, नाहीतर पाणी थोडं निवल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा. आतलं पाणी गोठलं तर टाकीच फाटते.