घाटरस्ते शिकायचेत? वरंध्यापासून सुरुवात कर

तू घाटवाटांचा अभ्यास सुरू करतोयस हे ऐकून फार बरं वाटलं. पहिल्याच आठवड्यात दहा घाटांची यादी करू नकोस. एकच घाट घे, भोरहून महाडला उतरणारा वरंधा.

कापूरहोळला पुणे-सातारा महामार्ग सोडून भोरला जा. पुढे नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत राहतं. वाघजाईच्या देवळापाशी थांब आणि वर बघ. तो कावळ्या किल्ला. गाडीरस्ता त्याच्याच डोंगरातून कापून नेलाय. किल्ला इथेच का, हे तिथे उभं राहिलं की आपोआप कळतं: कोकणात उतरणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला. खाली माझेरी, मग बिरवाडी, महाड.

नकाशातल्या रस्त्याच्या क्रमांकावर विसंबू नकोस, दर्जा बदलला की क्रमांकही बदलतो. मैलाच्या दगडाचा माथा बघ: हिरवा म्हणजे राज्यमार्ग, पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. जुने दगड गवतात सापडतात, त्यांचे फोटो काढून ठेव.

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, त्याबद्दल नंतर वाच. नाणेघाटात मात्र चालतच जा. सातवाहनांचा ब्राह्मी लेख आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण डोळ्यांनी बघायलाच हवा.

पावसाळ्यात वरंध्यात दरडी येतात आणि रस्ता बंद ठेवतात. निघण्याआधी भोरमध्ये चौकशी कर. नोव्हेंबरात गेलास तर मीही येईन.