टायर दीड वर्षाचे, कर्ज पाच वर्षांचं

प्रश्न : माझा मालवाहतुकीचा पिकअप ट्रक आहे. २६५/७० आर१७ मापाचे टायर काढून २८५/७५ आर१७ मापाचे मोठे बसवले. तेव्हापासून स्पीडोमीटर वेग कमी दाखवतो. कॅलिब्रेशनचा, म्हणजे मीटर नव्या टायरशी जुळवून घेण्याचा खर्च आत्ता करू, की मोबाइलच्या जीपीएसवर भागवू? ओडोमीटरही (धावलेले किलोमीटर मोजणारा) कमी पळतो, विकताना फायदाच होईल. भाडं किलोमीटरवर घेतो, वर्षाला चाळीसेक हजार किलोमीटर होतात. टायर पाच वर्षांच्या कर्जावर घेतलेत, व्याज १४ टक्के. सोबत बचत-विमा पॉलिसी दिली आहे, तिच्यातून कर्ज फिटेल असं सांगितलं.

उत्तर : कॅलिब्रेशन याच आठवड्यात करून घ्या. जुन्या टायरचा व्यास ८०३ मिलिमीटर, नव्याचा ८५९, म्हणजे ७ टक्के जास्त. चाक दर फेऱ्याला तेवढं जास्त अंतर कापतं, पण गाडी अजून जुन्याच घेराने हिशेब करते. स्पीडोमीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवेल असा ठेवलेला असतो, त्यामुळे वेगातली चूक काहीशी झाकली जाते. ओडोमीटरला अशी सूट नसते, तिथे पूर्ण सात टक्के जातात.

आणि तुम्ही भाडं त्याच ओडोमीटरवर घेता! गाडी १०० किलोमीटर धावते, पैसे ९३ चे मिळतात. शंभरातले ८० खर्चात जात असतील, तर पूर्वी हातात २० राहायचे, आता १३. नफ्याचा तिसरा हिस्सा गेला. जीपीएस तुम्हाला वेग सांगेल, ओडोमीटर सुधारणार नाही. बहुतेक नव्या गाड्यांत डायग्नोस्टिक सॉकेटला (गाडी तपासायचं यंत्र जोडतात ती जागा) यंत्र लावून टायरचा नवा घेर भरला की काम होतं, काहींना सिग्नल दुरुस्त करणारं छोटं मॉड्यूल लागतं. काम झाल्यावर पन्नास किलोमीटर जीपीएसशी ताडून बघा, मगच पैसे द्या. टायरचं माप बदलल्याचं गाडीच्या विमा कंपनीलाही कळवा.

विकतानाच्या फायद्याचं डोक्यातून काढा. कमी रीडिंग दाखवून गाडी विकणं ही घेणाऱ्याची फसवणूक आहे. कॅलिब्रेशनच्या दिवशीचं रीडिंग लिहून ठेवा आणि विकताना मधला फरक सांगा.

आता तुम्ही विचारलंच नाहीत ते. टायर साठ हजार किलोमीटर चालले असं धरू. तुमच्या धावण्याने ते दीड वर्षात संपतील. त्या दिवशी शंभराच्या कर्जातले ७७ अजून बाकी असतील! गोटा झालेल्या टायरचे हप्ते भरत असताना नवे टायर घ्यावे लागतील, तेही बहुधा कर्जानेच. अशाने पाचव्या वर्षी तीन-चार सेटचे हप्ते एकावर एक चढलेले असतील. पाच वर्षांत शंभराचे १४० भराल. तेच दीड वर्षात फेडलं तर १११. हप्ता अडीचपटीहून जास्त होईल हे खरं, पण वस्तू झिजायच्या आत तिचे पैसे फिटले पाहिजेत. कॅलिब्रेशननंतर जे सात टक्के भाडं परत मिळू लागेल, ते सगळं मुद्दलात घाला. मुदतपूर्व फेडीला दंड किती, हे आधी लेखी विचारा.

पॉलिसीबद्दल मात्र संताप येतो. १४ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज पाच-सहा टक्के देणारी पॉलिसी फेडणार कशी? ज्याने हे सांगितलं त्याला कमिशन मिळालं, तुम्हाला आणखी एक हप्ता. पॉलिसीचा पहिला हप्ता कर्जात मिळवलेला असेल, तर त्यावरही तुम्ही व्याज भरताय. पॉलिसीचे कागद आज काढा. परत करण्याची मुदत त्यात छापलेली असते, ती उरली असेल तर लगेच परत करा आणि आलेले पैसे थेट कर्जात भरा. मुदत टळली असेल, तर आत्ता बंद केल्यास हातात काय पडतं आणि पुढे एकूण किती भरायचं आहे, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी मागवा. घरच्यांसाठी संरक्षण हवंच, त्यासाठी साधा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. त्याचा हप्ता याच्या तुलनेत किरकोळ असतो.